पंखा बंद करा, सोयरूबाब ऐकतायत

मी मूळची गडहिंग्लजकडची. लग्न होऊन डिचोलीजवळच्या सर्वणात आले, तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात मला बजावून ठेवलं होतं. पदेराची सायकल पोंपों करत आली की हातातलं काम टाकून पाव घ्यायला धावायचं, तो कुणासाठी थांबत नाही. आणि रविवारी दुपारी शेजारच्या सोयरूबाबांच्या घराच्या अंगाला भांडी घासायला बसायचं नाही. पावाचं समजलं. पण भांड्यांचं काय?

"ते आयकतात," सासूबाई म्हणाल्या.

"काय ऐकतात?"

"आयकतात म्हणजे आयकतात गो!" शेजारी कुणाची पूजा चालू असावी तशा आवाजात त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी आपली विसरले. रविवारी दुपारी माझ्या हातून पातेल्याचं झाकण सुटलं आणि फरशीवर गोल गोल फिरत, ठणाणा करत बसलं. कुंपणापलीकडून एक पांढरं डोकं वर आलं. जाड भिंगांचा चष्मा, खांद्यावर पंचा. मला वाटलं, आता आपली काही धडगत नाही.

"बाय, खंयच्या गावची गो तू?"

"गडहिंग्लज."

"तिथे गाणं नसतं?"

"असतंय की. पण भांडीपण असतात."

म्हातारा खदखदून हसला. म्हणाला, "टाक ती भांडी आणि ये. तुझ्या झाकणाने माझा भीमपलास नासवला. आता तो पुरा ऐकल्याशिवाय तुझी सुटका नाही."

माझी रविवारच्या त्या गाण्याच्या बैठकीत भरती झाली ती अशी. पुढे मी डिचोलीच्या बाजारात औषधांचं दुकान घातलं, संसार वाढला, सासूबाई गेल्या, पण रविवारची दुपार मी कुणाला दिली नाही.

सोयरूबाबांचं डिचोलीत कापडाचं दुकान होतं. ते त्यांनी पुतण्याच्या हवाली केलं आणि स्वतः मागच्या खोलीत तबकड्यांच्या राज्यात राहायला गेले. भिंतीला लागून कपाटं, कपाटांत तबकड्या. जुन्या जाड, लाखेच्या. नंतरच्या मोठ्या. मग कॅसेटींचे खण. नाटकांतली पदं एका अंगाला, ख्याल-ठुमरी दुसऱ्या अंगाला, आणि मधे एक रिकामी फळी. ती कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाले, "दोघांचं पटत नाही. मधे वाट असलेली बरी." त्यांचा स्वतःचा जीव मात्र नाटकवाल्यांत जास्त. ख्याल गाणारा स्वतःच्या घरी पाटावर बसून सावकाश जेवतो, नाटकातल्या माणसाला मात्र उभ्या उभ्या दोन घास खाऊन शिवाय गोष्टही पुढे न्यायची असते, म्हणून त्याचं कौतुक अधिक, असं त्यांचं म्हणणं. आणि जुनी छोटी तबकडी हातात आली की दर वेळी एकच वाक्य: "तीन मिनिटांत सगळं सांगून मोकळं होणारं माणूस आता दाखव मला."

हा माल त्यांनी पेडण्यापासून सत्तरीपर्यंत घरोघर हिंडून गोळा केला होता. कुणाच्या माळ्यावर भोंग्याचं यंत्र पडलंय असं कळलं की स्कूटरला कापडाचा गठ्ठा बांधून निघायचे. घरातल्या बाईपुढे नवं लुगडं ठेवायचं आणि तबकड्या उचलायच्या, असा व्यवहार. मयेच्या एका घरात म्हणे एका मोठ्या गवयाची तबकडी लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवली होती. सोयरूबाबांनी बरणीला नमस्कार केला, नवं झाकण आणून दिलं, तेव्हा तबकडी सुटली. तिला आंबट वास यायचा. लावायच्या आधी ते आम्हां सगळ्यांना तो हुंगायला लावायचे आणि वर म्हणायचे, "मुरलाय बघा कसा!"

आता तबकडी पुसायचं बघा. कापडाचा व्यापारी माणूस, पण दुकानातलं एक कापड या कामाला चालायचं नाही. वर्षानुवर्षं धुऊन धुऊन मऊ झालेलं सुतीच हवं. त्यापायी त्यांनी शेवंतीकाकींचं, म्हणजे स्वतःच्या बायकोचं, लग्नानंतरच्या पहिल्या चतुर्थीचं लुगडं फाडलं होतं. काकी ते ट्रंकेत जपून ठेवून होत्या. त्या मला सांगायच्या, "बाय, एका दुपारी बघते तर माझा पदर त्या गवयाच्या अंगावरून फिरतोय!" सोयरूबाबांचं उत्तर तयार असायचं: "तुझ्या लुगड्याने गळा साफ झाला म्हणून तो एवढं गातोय. उपकार मान."

बैठकीचे नियम कडक. "आधी तोंड बंद, मग पंखा बंद, मग डोळे बंद. कान आपोआप उघडतात," हे त्यांचं शास्त्र. मे महिन्यातसुद्धा पंखा बंद, कारण त्याची घरघर तंबोऱ्यात मिसळते. जनेलं म्हणजे खिडक्याही लोटलेल्या, कारण बाहेर कावळे. आम्ही ठरलेली मंडळी घामाने निथळत भिंतीला टेकून बसायचो. पान खायचं नाही, चहा नाही, कुजबुज तर नाहीच. मधेच "वाहवा" म्हटलेलंसुद्धा चालायचं नाही. "गवयाला ऐकू जाणार नाही, आणि मला ऐकायची नाही. मग कुणासाठी?" दाद द्यायची ती तबकडी संपल्यावर, एकदाच. पहिल्या दिवशी मी खोकले तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की खोकला आल्या वाटेने परत गेला.

पण माणूस तुसडा नव्हता हो. एकदा पुण्याहून संगीताचे एक अभ्यासक गाडी करून आले. सकाळची वेळ. त्यांना मारव्याची एक दुर्मीळ तबकडी ऐकायची होती. सोयरूबाब म्हणाले, "मारवा? उन्हं वर आली. आता मारवा कुठून आणू?"

"अहो, रेकॉर्डच आहे ना? ती कधीही लावता येते."

"रेकॉर्डीला कळत नाही ओ. मला कळतं ना."

झालं! पाहुण्यांना त्यांनी सोडलं नाही. मयेचं तळं दाखवून आणलं. काकींनी जेवायला सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, आमटी केली होती. पाहुणे आधी नको नको म्हणाले आणि मग तिसऱ्यांदा भात मागून बसले. दुपारी सोप्यावर घोरले. सूर्य डोंगराआड जायला लागला तेव्हा सोयरूबाबांनी त्यांना हाताला धरून उठवलं आणि मारवा लावला. तबकडी संपली. पुण्याचा माणूस चष्मा पुसत भीत भीत म्हणाला, "आपल्याकडे ललतही आहे म्हणे?" ललत पहाटेचा. सोयरूबाबांचा चेहरा काय फुलला म्हणता! आतल्या बाजूला तोंड करून ओरडले, "अगे, पाहुण्यांचं हांथरूण घाल!"

तर असा हा माणूस. त्याचं दुकान, घर, जमीन, सगळं एका अंगाला आणि दोन कान दुसऱ्या अंगाला. आणि नेमके तेच कान जायला लागले.

आम्हांला कळायला उशीर झाला, कारण सोयरूबाबांना स्वतःचा दोष सोडून सगळ्यांचे दोष ऐकू येत होते. आधी सुई गेली म्हणाले. सुई बदलली. मग आवाज वाढवायचा यंत्राचा भाग म्हापशाहून दुरुस्त करून आणला, आणि तो करणारा चोर आहे म्हणाले. पुढे तर दमट हवेने तबकड्यांचाच आवाज बसलाय असं निदान झालं. आवाजाची कळ मात्र दर रविवारी थोडी थोडी पुढे सरकत होती. पुढेपुढे तर पदेर आमच्या फाटकावरून भोंगा वाजवत जाई आणि आम्हांला तो ऐकू जात नसे. आमच्याकडे पावाशिवाय चहा व्हायला लागला तो त्यामुळे.

मग एक दिवस सोयरूबाब माझ्या दुकानात आले. "बाय, शेवंतीसाठी कानात घालायचं औषध दे. हल्ली ती पुटपुटते."

"पुटपुटणं हा कानाचा रोग नाही, बाब."

"काय?"

"म्हटलं, पुटपुटणं हा कानाचा रोग नाही!"

"हां, कानाचंच दे."

दुकानातली गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली. मी काय करणार? दिली बाटली. चार दिवसांनी काकी आल्या, दोन्ही कानांत कापूस. "गो बाय, हे रोज माझ्या कानात थेंब घालतात. तेलाची घाणी झाली डोक्याची! आणि बहिरे कोण, ते!" बोलता बोलता त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "त्यांना सांगू नको हां," म्हणाल्या. "त्यांना गाण्याशिवाय दुसरं काय आहे गो? मी आहे ती आहेच."

आम्ही कुणीच सांगितलं नाही. आणि मग तो भीमपलासाचा रविवार आला.

बैठकीत माझ्या शेजारी बाबलो मास्तर बसायचे. हळर्णचे निवृत्त शिक्षक, गावच्या नाटकांत हार्मोनियम वाजवणारे आणि सोयरूबाबांचे तरुणपणापासूनचे मित्र. एवढ्या लांबून ते दर रविवारी स्कूटरवर येत. त्या दुपारी मोठी तबकडी लागली होती. पंखा बंद, जनेलं लोटलेली, सगळ्यांचे डोळे मिटलेले. गाणं ऐन भरात आलं आणि वीज गेली. तबकडी मंदावली, गाणाऱ्या बाईंचा आवाज खाली खाली जात पुरुषाचा झाला, मग रेड्याचा झाला आणि थांबला. मी डोळे उघडले. बाबलो मास्तरांनीही उघडले. सोयरूबाबांनी नाही.

ते डोलत होते. मिटल्या डोळ्यांनी, ओठांच्या कोपऱ्यात हसत, त्या शांततेत ते गाणं ऐकत होते. उजवा हात हळूहळू वर जात होता. बाबलो मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. बोलायचं कसं? बैठकीत बोलायचं नाही हा नियम! एवढ्या वर्षांची सवय, कुणाची जीभ उचलेना. मग मास्तरांनी स्वतःच्या गुडघ्यावर बोटांनी अगदी हलके ठेका धरला. आणि काय सांगू, सोयरूबाबांचा हात खाली आला तो मास्तरांच्या समेवर, ठाक्! पुन्हा वर गेला, पुन्हा बरोबर समेवर आला. यंत्र मेलं होतं, पण गाणं चालू होतं. आम्ही सगळे घाम पुसायचंही विसरलो. शेवटी त्यांनी लांब श्वास सोडला, मान डोलावली. त्यांच्या मते तबकडी संपली होती. आणि आम्ही? आम्ही नियमाप्रमाणे एकदाच, सगळे मिळून म्हणालो, "वाहवा!"

सोयरूबाबांनी डोळे उघडले. सुई उचलायला उठले. सुई तबकडीच्या मधोमध होती.

ते तसेच उभे राहिले. मग वळून त्यांनी आमच्याकडे पाहिलं, एकेकाकडे. दारातून काकी मोठ्याने म्हणाल्या, "आत्ताच गेली हो वीज! आत्ता, या क्षणाला!"

"बरोबर समेवर गेली," सोयरूबाब म्हणाले. "वीजवाल्यांना जन्मात पहिल्यांदा सम सापडली."

आम्ही हसलो. तेही हसले. पण तबकडी त्यांनी न पुसताच कपाटात ठेवली, आणि पुढच्या रविवारी त्यांच्या खोलीला कडी होती.

ते दिवस वाईट गेले. सोयरूबाब सोप्यावर कदेलात, म्हणजे खुर्चीत, बसून समोरच्या शेतातल्या बगळ्यांकडे बघत राहायचे. यंत्रावर चादर घातली होती, घरात कुणी गेलं की घालतात तशी. काकी मला म्हणाल्या, "जेवतात, झोपतात, विचारलं तर हूं म्हणतात. पण घरात माणूस नाही गो." त्यांच्या मुलीने बेळगावहून कानाचं यंत्र पाठवलं. मीच ते बसवून दिलं. एक दिवस घातलं त्यांनी. आणि त्या दिवसात घराची शोभा झाली. "ही चमच्याने एवढा आवाज करते? जन्मभर?" "हा पंखा रडतो का असा?" "शेवंती, तू मला मागून एवढं बोलतेस?" संध्याकाळी मोठ्या आशेने त्यांनी चादर काढली आणि आवडतं नाट्यपद लावलं. मी दारात उभी होते. थोडा वेळ ऐकलं, आणि यंत्र कानातून काढून माझ्या हातात ठेवलं. "तुपाच्या रिकाम्या डब्यात बसून गातोय तो. त्यापेक्षा माझ्या डोक्यातला बरा." मी खूप समजावलं की सवय होते, बारकावे हळूहळू लागतात. पण म्हातारा ऐकेल तर ना!

बैठक पुन्हा सुरू झाली ती बाबलो मास्तरांच्या तोंडाळपणामुळे. एका रविवारी ते तडक खोलीत गेले, जनेल उघडलं, चादर ओढली, आणि सोयरूबाबांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "तुका आयकाक येना नाय? आमका येता! आमी काय उपाशी मरूंया? लाव!"

सोयरूबाब उठले. तबकडी काढली, पुसली आणि लावली. आणि त्या दिवशी त्यांना शोध लागला. त्यांनी डोळे मिटले नाहीत. आमची तोंडं बघत बसले.

पुढच्या बैठकीला नियम उलटे! "यंत्राकडे काय बघता? माझ्याकडे तोंड करा. डोळे उघडे. आणि आवडलं की दाखवा बाबा, दगडासारखे बसू नका!" ज्या माणसाने जन्मभर आमची "वाहवा" घशात कोंबली, तो आता ती मागून घेत होता. कुठली तबकडी कुठे पोचलीय ते तो आमच्या भुवयांवरून ओळखायचा. "बाबलो, तुझी मान उशिरा हलली. म्हातारा झालास." "बाय, तू दुकानाचा विचार करतेयस, तान येऊन गेली." एकदा एक गृहस्थ डोळे उघडे ठेवून झोपी गेले, तर सोयरूबाबांनी सुई उचलली आणि म्हणाले, "गाणं इथे तुटतंय." पंखाही सुरू झाला. एवढ्या वर्षांनी त्या खोलीत वारा खाताना आम्हांला अगदी चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

सोयरूबाबांना जाऊन आता वर्ष होईल. झोपेतच गेले, कुणाला त्रास नाही. मला मात्र ते आठवतात ते त्याच्या आधीच्या एका रविवारचे.

बाबलो मास्तरांचा थोरला भाऊ न्हानू हळर्णला शेती करायचा आणि जत्रेच्या नाटकात नायिकेचं काम करायचा. ऐन तारुण्यात तापाचं निमित्त होऊन गेला. सोयरूबाबांनी त्याचं गाणं एकदाच ऐकलं होतं, मांडवाबाहेर उभं राहून. त्या गाण्याची कॅसेट आहे हे त्यांना ठाऊक होतं. कुवेतहून आलेल्या एका शेजाऱ्याने ती भरली होती. पण मास्तरांच्या आईने शपथ घातली होती, मी जिवंत आहे तोवर हा आवाज घरात लावायचा नाही, घराबाहेर द्यायचा नाही. सोयरूबाबांनी ती कधी मागितली नाही. आई गेली, तिचं सगळं यथासांग झालं, आणि मास्तर कॅसेट घेऊन स्वयंपाकघराच्या दाराने काकींकडे आले. मी तिथेच होते. ते पाटावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. "आता घेऊन इलंय, वयनी. आता! त्याका आयकाक येना तेव्हा!"

कारण हे गाणं सोयरूबाबांच्या डोक्यात पाठ नव्हतं. ते लावून, उगाळून ऐकलेलं नव्हतं. एकदाच कानावर पडलेलं, आणि तेही किती जुनं! आमच्या तोंडांवरून वाचलं तरच त्यांना ते मिळणार होतं, आणि कॅसेट तर जुनी, बुरसटलेली. गाणं बरं नसलं तर? आम्ही तिघांनी तिथेच ठरवलं. कसंही असो, सगळ्यांनी तोंड फुललेलं ठेवायचं. काकींनी तर बाकीच्या मंडळींना एकेकाला दारात गाठून बजावलं. आणि जन्मात कधी बैठकीत न बसलेल्या काकी त्या दिवशी पदर खोचून पहिल्या रांगेत येऊन बसल्या, सोयरूबाबांच्या अगदी समोर.

कॅसेट लागली. आधी नुसती खरखर. मग माणसांचा गलका, एक कुत्रं, पायपेटीचा सूर. आणि मग न्हानू. आवाज कोवळा होता, चांगला होता, पण आम्ही त्या खोलीत काय काय ऐकलेलं! आम्ही आपले ठरल्याप्रमाणे माना डोलावायला लागलो. मी तर इतकी हसत होते की गाल दुखायला लागले.

सोयरूबाबांनी एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि कॅसेट थांबवली.

"फोटो काढताय काय माझा?" ते म्हणाले. आवाज चढला होता. "शेवंती, ही कसली तोंडं? खोटं बोलायचं तर तोंडाने बोला, मला ऐकू येत नाही. चेहऱ्याने नको. माझं एवढंच उरलंय."

काकींनी मान खाली घातली. सोयरूबाबांनी कॅसेट थोडी मागे नेली आणि पुन्हा लावली, आणि या वेळी आम्ही खरं ऐकायला लागलो. पद वर वर चढत गेलं. न्हानू एका उंच सुराशी पोचला आणि तिथे सूर सुटला. चांगलाच सुटला. माझं तोंड वाकडं झालं असणार. मास्तरांनी डोळे गच्च मिटले. काकींना गाण्यातलं फारसं कळत नाही, पण त्यांनाही ते लागलं, ओठ दाबला त्यांनी. आता संपलं, असं मला वाटलं.

"सूर सुटलो न्हय?" सोयरूबाब ओरडले. ते कदेलातून अर्धे उठले होते. "थंयच सुटलेलो! तोच हा! तोच!" त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "आता हसेल बघा. त्या दिवशी हसला होता तो. लुगडं नेसलेला न्हानू, सगळ्या सभेपुढे खळखळून हसला!"

आणि कॅसेटमध्ये, त्या खरखरीत, खरोखरच एक तरुण पोरगं हसलं. सगळी सभा त्याच्याबरोबर हसली. बाबलो मास्तरांच्या तोंडातून हुंदका फुटला.

"आता परत घेईल," सोयरूबाब म्हणाले आणि पुढे वाकले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मास्तरांकडे पाहिलं नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते शेवंतीकाकींच्या तोंडाकडे बघत राहिले. काकी ऐकत होत्या, पदराचं टोक मुठीत धरून, सगळं विसरून. न्हानूने खालून तो सूर पुन्हा उचलला, वर नेला, आणखी वर नेला.

"लागलो सूर," सोयरूबाब म्हणाले. आमच्यापैकी कुणी मान हलवायच्याही आधी.